पाटील-कुलकर्णी होते, मग सरकार कशाला?

प्रश्न : पूर्वी गावचा कारभार गावच बघायचं, असं आजोबा सांगायचे. मग सरकार आलं कुठून? आणि त्याची गरज काय पडली?
– एक वाचक, वडवणी

उत्तर : आजोबांचं सांगणं बरंचसं खरं आहे. वसुलीला पाटील, दप्तराला कुलकर्णी, तंट्याला पंच, रोजच्या कामांना बलुतेदार, असा गावगाडा चालायचा. फक्त गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना विचारून तो चालत नव्हता, हेही लक्षात ठेवावं. पण पाटील वसूल करायचा तो कुणासाठी? तुमच्या बीड भागातला सारा निजामाच्या राज्यात जमा व्हायचा. म्हणजे सरकार तेव्हाही होतंच. ते गावात दिसायचं सुगीनंतर, वसुलीच्या वेळी.

सगळी माणसं एकत्र बसली आणि संरक्षणासाठी त्यांनी राजा नेमला, असं अनेकांना वाटतं. ही कल्पना जुनी आहे. मात्स्यन्यायाला, म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो तशा अवस्थेला, कंटाळलेल्या लोकांनी मनूला राजा केलं आणि धान्याचा सहावा हिस्सा त्याला देऊ केला, असं कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त सांगितलं आहे. सत्तेने कसं वागावं हे ठरवायला ही कथा फार मोलाची. इतिहास म्हणून मात्र ती धरू नये. पुरावा सांगतो तो असा : धान्य साठवता येतं, मोजता येतं, आणि ते कधी पिकणार हे आधीच ठाऊक असतं. खळ्यावर ज्वारीची रास पडली की वाटा मागणारा नेमका तेव्हाच येऊ शकतो. वाटा आला की शिपाई पोसता येतात, शिपाई असले की वाटा चुकत नाही, आणि हे सगळं लिहून ठेवायला कारकून लागतो. मेसोपोटेमियातल्या मातीच्या जुन्या पाट्यांवर जवाच्या नोंदी सापडतात, त्या याच व्यवहारातल्या.

निजामाच्या राज्यात तर वसुली मक्त्याने दिली जायची. मक्तेदार रयतेकडून शक्य तेवढं काढून घेई. १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी ही पद्धत मोडत आणली, पगारी अंमलदार नेमले आणि १८६५ साली जिल्हाबंदी, म्हणजे राज्याची जिल्ह्यांत विभागणी, केली. कारभार सुधारला, तरी रयतेला सरकारकडे हक्काने काही मागता येत नव्हतं.

आता गरजेचं बघू. विहीर, वाट, बांधाचं भांडण एवढं गाव निभावतं. पण १९७२च्या दुष्काळात शेजारचं गावही तितकंच कोरडं होतं, मग मदत मागायची कुणाकडे? त्या वर्षी मराठवाड्यात माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, पाझर तलावांची माती उचलत होती. खायला सुकडी आणि बाहेरून आलेली मिलो ज्वारी होती. एवढा पसारा कोणत्याही पाटलाच्या आवाक्यातला नव्हता. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना पक्की झाली. वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. काम मागितल्यावर १५ दिवसांत ते मिळालं नाही, तर भत्ता देणं सरकारवर बंधनकारक झालं.

या योजनेचा पैसा कुठून आला, यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला सर्वांत स्पष्ट दिसतं. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसवला गेला. मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून तो कापला जाई आणि त्यातून बीडकडच्या मजुराचा हजेरीपट भागवला जाई. दोघं एकमेकांना ओळखतही नव्हते.