गुणगौरव समारंभ : सत्कारानंतर काय?

बी. ए. द्वितीय वर्ष

दहावीचा निकाल लागला की आपल्या पाचोड परिसरात गुणगौरव समारंभांचे दिवस सुरू होतात. शाळेच्या प्रांगणात मंडप पडतो. प्रतिमापूजन, स्वागतगीत आणि पाहुण्यांचे सत्कार झाले की पहिल्या तीन विद्यार्थ्यांची नावे पुकारली जातात. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र, टाळ्या, छायाचित्र, अध्यक्षीय समारोप, आभारप्रदर्शन. आणि समारंभ संपतो. या समारंभातून नेमके काय साधते आणि काय साधायला हवे, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समारंभ नकोत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. ज्या घरात कॅलेंडराखेरीज छापलेला कागद नसतो, त्या घरातल्या मुलीचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाणे ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा त्या टाळ्यांचे मोल मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. परंतु टाळ्यांचा आवाज मंडपाबाहेर किती दिवस पुरतो, हा प्रश्न उरतोच.

एक जुना सत्कार

महाराष्ट्राच्या इतिहासात विद्यार्थ्याचा एक सत्कार फार महत्त्वाचा ठरला. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी 1956 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी तो प्रसंग स्वतः सांगितला आहे. ते इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाले, तेव्हा समाजातील मंडळींनी त्यांच्या गौरवासाठी सभा भरवायचे ठरवले. इतर समाजांच्या मानाने हे यश मोठे नव्हते, पण इथवर पोहोचलेला हा त्यांच्यातला पहिलाच मुलगा होता. वडील रामजी सुभेदारांनी मात्र साफ नकार दिला. मुलाने परीक्षाच तर दिली आहे, अशा कौतुकाने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर मंडळी वडिलांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याकडे गेली. केळुसकरांनी वडिलांची समजूत घातली, सभा झाली आणि त्या सभेत केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र मुलाला भेट दिले. धनंजय कीर यांनी आपल्या चरित्रग्रंथात हा प्रसंग मॅट्रिकच्या परीक्षेनंतरचा म्हणून दिला आहे.

सभा संपल्यावर केळुसकरांचे काम संपले नाही. बाबासाहेब 1907 साली मॅट्रिक झाले. पुढे महाविद्यालयाचा खर्च झेपेना, तेव्हा केळुसकरांनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला आणि दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. 1912 साली बाबासाहेब बी. ए. झाले आणि 1913 साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

या एका प्रसंगातून आपल्या समारंभांना तीन प्रश्न विचारता येतात.

सत्कार कोणाचा?

कीरांनी नोंदवल्याप्रमाणे बाबासाहेबांना मॅट्रिकला 750 पैकी 282 गुण होते, म्हणजे शेकडा 38 सुद्धा नाहीत. त्या काळची मॅट्रिक कठीण होती हे खरे. तरीही केवळ गुणांवर नावे काढणाऱ्या आपल्या यादीत हे नाव बसले नसते. मग त्या मंडळींनी काय पाहिले? मुलगा कोठे पोहोचला, याबरोबरच तो कोठून निघाला हेही त्यांनी पाहिले. पहाटे कापूस वेचून शाळेत येणारा मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळून साठ टक्के मिळवणारी मुलगी, घराण्यातला पहिलाच दहावी पास झालेला विद्यार्थी, यांच्यासाठी व्यासपीठावर जागा असायला हवी. पहिल्या क्रमांकाचा मान त्यामुळे कमी होत नाही. उलट मंडपात बसलेल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही वाटते की, पुढच्या वर्षी माझेही नाव येऊ शकेल. महत्त्वाकांक्षा अशीच रुजते.

भेट कोणती?

केळुसकरांनी शाल दिली नाही, पुस्तक दिले. बाबासाहेब त्या प्रस्तावनेत आपल्या बुद्धविचाराकडे वळण्याची सुरुवात त्या पुस्तकापाशीच दाखवतात. आपल्याकडे समारंभाचा बराचसा खर्च मंडप, फ्लेक्स आणि पाहुण्यांच्या शाल-श्रीफळावर होतो. त्यातला निम्मा पैसा शब्दकोश, अकरावीची पुस्तके किंवा प्रवेशाची फी यांसाठी वळवला, तर तोच समारंभ वर्षभर उपयोगी पडेल.

पुढे काय?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. माझ्या वर्गातील एका मैत्रिणीचा दहावीनंतर सत्कार झाला. प्रमाणपत्र घरात भिंतीवर लागले. अकरावीचा अर्ज मात्र भरला गेला नाही आणि दिवाळीनंतर तिचे लग्न झाले. तिच्या वडिलांचा शिक्षणावर राग नव्हता. मुलगी रोज जाणार-येणार कशी, खर्च किती येईल, शिकून पुढे काय होईल, या त्यांच्या शंका होत्या. त्यांच्या दारात जाऊन, बसून, त्यांची समजूत घालणारे कोणी केळुसकर नव्हते.

खरे पाहता त्या शंकांची उत्तरे उपलब्ध आहेत. बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी एस.टी.चा प्रवास मोफत आहे. आठवीत एन.एम.एम.एस. ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या व अनुदानित शाळांतील, साडेतीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना ती देता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000 रुपये मिळतात. मात्र दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भरावा लागतो. 2025 पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. पसंतिक्रम कसा भरायचा, हे ज्यांनी कधी महाविद्यालय पाहिले नाही त्या आईवडिलांना कसे कळावे? आमच्यासारख्या घरांत पुष्कळदा बुद्धीची उणीव नसते, माहितीची असते.

पाचोडचाच एक दाखला

घरोघरी जाऊन, धीराने काम केले तर परिस्थिती बदलते, याचे उदाहरण शोधायला दूर जाण्याची गरज नाही. आपल्या गावातील इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेने 1990 च्या दशकाच्या अखेरीस परिसरातील खेड्यांत अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्यांचे वर्ग सुरू केले. वर्षभर, रोज संध्याकाळी एक तास हे वर्ग चालत. आरोग्य, कायदा, बँक व पंचायतीचे व्यवहार अशा गोष्टी तिथे शिकवल्या जात, आणि आईवडिलांनाही विश्वासात घेतले जाई. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन या संस्थेबरोबर केलेल्या अभ्यासात असे आढळले की, 1997 ते 2001 या काळात त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मध्यक वय 16 वरून 17 झाले. एक वर्ष ही वाढ वरवर लहान वाटते. परंतु मुलीच्या आयुष्यात तेवढ्या वर्षात अकरावी पूर्ण होते. आणि ते साधले कशाने? रोजच्या एका तासाने.

आपले कर्तव्य

मित्रमैत्रिणींनो, हे काम शिक्षकांवर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्यांच्यावर आधीच पुष्कळ कामांचा भार असतो. शिवाय पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला जी भाषा लवकर समजते, ती त्याच वाटेने नुकत्याच गेलेल्या मुलामुलींची. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर एक उपक्रम सहज करता येईल. निकालानंतरच्या पंधरवड्यात आपल्यातील दोघे-दोघे मिळून आपापल्या जुन्या शाळेतील दहा घरी जावे. गुणपत्रिका पाहावी, अर्ज भरून द्यावा, बसची वेळ सांगावी, शिष्यवृत्तीची तारीख लिहून द्यावी. मुलींच्या घरी मुलींनी जावे आणि वडिलांबरोबर आजीशीही बोलावे, कारण घरातला निर्णय पुष्कळदा तिच्या शब्दावर ठरतो. सप्टेंबरात पुन्हा एकदा जाऊन मुलगा-मुलगी वर्गात टिकली का, हे पाहावे.

1950 साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत तेव्हाच्या औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय, आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. ज्या मुलाचा सत्कार करावा की नाही यावर वाद झाला होता, त्याने मराठवाड्यातील हजारो मुलांसाठी उच्च शिक्षणाचे दार उघडले. सत्काराची परतफेड याहून चांगली कोणती असणार? आपण महाविद्यालये काढू शकणार नाही. पण येत्या निकालानंतर दहा दारांवर थाप नक्कीच मारू शकतो. गुणगौरव समारंभाच्या कार्यक्रमपत्रिकेत आभारप्रदर्शनानंतर हा एक विषय वाढवावा, अशी माझी सर्व विद्यार्थ्यांना आणि गुरुजनांना नम्र विनंती आहे.