रडणारे मूल आणि अश्रूंचे शास्त्र

जून महिन्यात पहिलीचा वर्ग भरू लागला की दप्तर छातीशी धरून दाराशी रडणारे एखादे तरी मूल असतेच. “गप्प बस, आता मोठा झालास ना!” असे म्हणून त्यास बसविले जाते. चाळीस मुले सांभाळणाऱ्या शिक्षकास त्याबद्दल दोष देता यावयाचा नाही. तथापि अश्रूंचे कार्य ठाऊक असल्यास त्या मुलाशी कसे वागावे हे ठरविणे सोपे जाते.

भुवईखाली, डोळ्याच्या बाहेरील अंगास अश्रुपिंड असतो. त्याचे पाणी पापणीच्या उघडझापीबरोबर बुबुळावर पसरते व त्यास ओलसर ठेवते. जादा पाणी नाकाकडील कोपऱ्यातील बारीक छिद्रांवाटे नाकात उतरते. रडणाऱ्या मुलाचे नाक वाहते ते यामुळेच. कांदा चिरताना येणारे पाणी हा अश्रूंचा दुसरा प्रकार, व दुःखाने येणारे तिसरा. अश्रूंत जंतू विरघळविणारा पदार्थ असल्याचे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ साली दाखविले. अश्रू मिळविण्यासाठी ते डोळ्यांत लिंबाचा रस पिळून घेत! वर्गात हा प्रयोग अर्थातच करावयाचा नाही.

रडल्याने शरीरातील विष निघून जाते असे पुष्कळदा सांगितले जाते. ते सिद्ध झालेले नाही. सबब मुलांस तसे शिकवू नये. मन हलके होते हे मात्र खरे, पण लगेच नव्हे. नेदरलंड्समध्ये करुण चित्रपट दाखवून प्रौढांचा अभ्यास करण्यात आला व तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. रडलेल्यांचे मन प्रथम अधिकच खिन्न झाले, सुमारे २० मिनिटांनी पूर्ववत झाले आणि दीड तासाने आधीपेक्षाही बरे झाले. ज्यास रडताना लाज वाटली वा कोणी धीर दिला नाही, त्यास असा आराम मिळण्याची शक्यता कमी असते, असेही संशोधकांस आढळले आहे.

म्हणून हुंदके थांबताच मुलापुढे पाटी ठेवू नये किंवा “का रडलास?” असे खोदून विचारू नये, रडू पुन्हा उसळते. पाणी द्यावे, जवळ बसवावे, वरच्या वर्गात भावंड असल्यास त्यास घटकाभर बोलवावे. पाटी मधल्या सुट्टीनंतर. इतर मुलांनी “रडूबाई” म्हटल्यास तेवढे मात्र तत्काळ थांबवावे. रडणे आठवडेच्या आठवडे चालू राहिल्यास घरी जाऊन चौकशी करावी. आणि मूल रडत नसताना एकाच डोळ्यातून सारखे पाणी गळत असेल, तर ते रडणे नव्हे. त्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे.