होडी, पंप आणि स्वस्ताई

गेल्या उन्हाळ्यात इयत्ता नववीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, कूलरचा पंप होडीतले पाणी काढायला चालेल का? तो बाजारात दोन-तीनशे रुपयांना मिळतो. होडीसाठी म्हणून विकतात तो पंप कितीतरी महाग असतो." वर्गात हशा पिकला. आम्हांस मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. भोपाळमध्ये घरोघरी कूलर आहे आणि घरापासून थोड्याच अंतरावर तलाव आहे. तेव्हा येथील मुलाला अशी शंका सुचणे स्वाभाविकच होय. आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. परंतु आमचा जन्म कोंकणी बोलणाऱ्या, खाडीकाठच्या घरात झालेला असल्याने होडी आणि तिच्यात शिरणारे पाणी यांचा परिचय आम्हांस बालपणापासून आहे. त्या बळावर हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम पाणी किती शिरते ते पाहू. इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्ली याने सतराव्या शतकात असा नियम सांगितला की, छिद्रातून येणाऱ्या पाण्याचा वेग छिद्रावरील पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे खोली चौपट झाली की वेग दुप्पट होतो. समजा, होडीच्या तळाला पाण्याखाली 50 सेंटिमीटरवर 2 सेंटिमीटर व्यासाचे एक भोक पडले. हिशेब केला असता त्यातून दर मिनिटास सुमारे 35 लिटर, म्हणजे तासाला 2000 लिटरांहून अधिक पाणी आत येते. साधारण रुपयाच्या नाण्याएवढे असे हे भोक!

आता स्वस्त पंपाच्या खोक्यावरील आकडा वाचा. त्यावर 'तासाला 2000 लिटर' असे छापलेले असले, तरी तो आकडा बहुधा पाणी मुळीच वर न चढवता मोजलेला असतो. पाणी एक मीटर उंच चढवायचे, अरुंद नळीतून न्यायचे, बॅटरी थोडी उतरलेली असायची, म्हणजे प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी पाणी बाहेर पडते. उलट 8 लिटरांची साधी बादली घेऊन कोणी मिनिटाला दहा वेळा पाणी उपसले, तर 80 लिटर पाणी बाहेर जाते. अर्थात माणूस दमतो, पंप दमत नाही. म्हणून पंप हा पावसाचे व झिरपणीचे पाणी काढण्यासाठी. भोक पडले असता प्रथम भोक बुजवणे, बादली हाती घेणे आणि काठ गाठणे हाच उपाय.

कूलरच्या पंपाविषयी तर आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. तो घरातील 230 व्होल्टच्या विजेवर चालतो. ओल्या होडीत, ओल्या हातांनी अशी वीज खेळवणे म्हणजे प्राणाशी गाठ होय. होडीतील पंप 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, ते याचसाठी. होडीला पेट्रोलचे इंजिन असेल तर आणखी एक भय असते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचून राहते आणि साध्या मोटारीतील एखादी ठिणगी तिला पुरेशी होते.

येथे आमच्या बालपणीची एक हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या मामांनी जत्रेतील एका दुकानातून स्वस्तात पंप आणि नळी आणली होती. एके दिवशी सायंकाळी खाडीतून परतताना पंप चालू होता, त्याचा आवाजही नीट येत होता. तरीही पायाखालचे पाणी वाढतच होते. फळी उचलून पाहतात तो पंपावरील नळी निखळलेली! नळी आवळून धरणारा मुलामा दिलेला लोखंडी क्लॅम्प एका पावसाळ्यात गंजून तुटला होता, आणि पंप होडीतलेच पाणी इमानाने होडीतच ओतीत होता. मामांनी वल्हे सोडले नाही. आम्ही भावंडांनी एका बादलीने आणि एका नारळाच्या करवंटीने पाणी उपसले. आमच्या कोंकणीत तिला 'करटी' म्हणतात. त्या दिवशी पंप निकामी ठरला तो काही रुपयांच्या क्लॅम्पमुळे, आणि होडी तरली ती फुकटच्या करटीमुळे.

ह्या क्लॅम्पचे मर्म धातूंत आहे. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांस लागून असले की त्यांची एक लहानशी बॅटरीच बनते व त्यांतील अधिक क्रियाशील धातू झिजू लागतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. समुद्राच्या पाण्यात त्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि मागे तांबूस, ठिसूळ सांगाडा उरतो. तांबे व कथील यांचे कासे त्या मानाने टिकाऊ. तलावाच्या गोड्या पाण्यात ही झीज फार मंद असते. म्हणूनच भोपाळमध्ये अनेक वर्षे टिकलेली वस्तू कोंकणात एका हंगामात हात टेकते.

ज्या राजा भोजाच्या नावाने आपला मोठा तलाव ओळखला जातो, त्याच्याच नावावर 'युक्तिकल्पतरु' हा संस्कृत ग्रंथ मोडतो. समुद्रात जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, नाही तर समुद्रातील चुंबकीय खडक तिला ओढून घेतील, असे त्यात सांगितले आहे. हे कारण आज कोणी मानणार नाही. परंतु लोखंड आणि खारे पाणी यांचे सख्य नाही, एवढे मात्र खरेच. पश्चिम किनाऱ्यावर पूर्वी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून नौका बांधीत असत. अजिंठ्याच्या लेण्यांतील एका चित्रावरून त्याच रीतीने गोव्यात बांधलेली 'कौंडिण्य' ही शिडाची नौका 21 मे 2025 रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झाली.

मग स्वस्त वस्तू घ्यावीच नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. काटकसर हा सद्गुण आहे. फक्त विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ही वस्तू मोडली तर काम अडेल की जीव धोक्यात येईल? ती पाण्याच्या पातळीच्या वर बसणार की खाली? ती बिघडली तर आपल्या डोळ्यांस दिसेल काय? बादली, ब्रश, स्पंज, पाना, पेचकस, पक्कड ही खुशाल 'हर माल'च्या गाडीवरून घ्यावीत आणि तेलाच्या फडक्याने पुसून ठेवावीत. पक्कड पाण्यात पडलीच तर हळहळ थोडी! परंतु तळातील नळ, नळी, क्लॅम्प आणि विजेच्या तारा यांत घासाघीस करू नये. नळीच्या प्रत्येक सांध्यावर एकाऐवजी दोन क्लॅम्प आवळावेत. आणि हे नियम पाळूनही एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: तेलकट पाणी तलावात सोडू नये, मोठ्या तलावाचे पाणी आपल्या शहराच्या नळांना येते.

शेवटी एका दुःखद प्रसंगाचे स्मरण करणे आम्हांस प्राप्त आहे. 13 सप्टेंबर 2019 रोजी पहाटे, लहान तलावाच्या खटलापुरा घाटाजवळ गणेशविसर्जनाच्या वेळी नाव उलटून 11 जण बुडाले. मूर्ती जड होती आणि माणसेही पुष्कळ होती. बुडालेल्यांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. तेथे कितीही महाग पंप असता तरी उपयोग नव्हता, कारण नाव पाण्याने भरून बुडाली नव्हती, ती उलटली होती. भार मर्यादेत ठेवण्यास पैसा लागत नाही आणि जाकीट पंपाहून फार महाग नसते. होडीवरील खर्चाच्या यादीत ह्या दोन गोष्टी सर्वांत वर लिहाव्यात.

ज्याने प्रश्न विचारला त्या विद्यार्थ्यास आम्ही एक काम सांगितले. घरातील मोठ्या माणसाला सोबत घेऊन कूलरच्या पंपाने 10 लिटरांची बादली भरावयाची. एकदा नळी खाली धरून, एकदा एक मीटर उंच धरून. आणि दोन्ही वेळा घड्याळ लावून मोजावयाचे. पंपाला आणि तारेला हात वडीलमाणसानेच लावावयाचा. दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "सर, खोक्यावरचा आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे." वाचकहो, स्वस्ताईविषयी याहून नेमके वाक्य आम्हांस तरी सुचले नसते.