हक्कसोडपत्रावर सही करू का?

प्रश्न : लग्नाला ११ वर्षं झाली, आता आम्ही वेगळे होतोय. पुण्यातला फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, पण हप्ते जास्त मीच भरलेत. नवरा म्हणतो, हक्कसोडपत्रावर सही कर, मग संमतीने घटस्फोट देतो. वकिलाची फी परवडत नाही. काय करू?

उत्तर : ताई, आज सही करू नका. घटस्फोट झाला म्हणून आपल्याकडे मालमत्ता आपोआप निम्मी होत नाही (गोव्याचा कायदा वेगळा). कागदावर नाव कुणाचं आणि पैसे कुणी भरले, यावर बरंच ठरतं. तेव्हा बँकेचे उतारे आणि करारनाम्याची प्रत आधी हाताशी ठेवा. हक्क सोडायचाच झाला, तर मोबदल्याची रक्कम आणि कर्जातून तुमचं नाव कमी करण्याची अट संमतीच्या अर्जातच लिहून घ्या; बँकेचीही मंजुरी लागेल. नाहीतर घर त्यांचं आणि थकबाकीची नोटीस तुम्हाला. हे मी फार वेळा पाहिलंय. तुमचे दागिने स्त्रीधन आहेत, त्यांची वाटणी होत नाही.

फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार स्त्रीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे ओळखपत्र घेऊन जा, साधा अर्ज द्या.