मध्ययुगाचं जग शिकवताना

इ.स. ५०० ते १५०० ही हजार वर्षं मुलांना शिकवता शिकवता जे उमगलं, ते इथे लिहिते आहे.

१. सुरुवात राजांच्या वंशावळीने करू नये, वाऱ्याने करावी. अरबस्तानातून आणि आफ्रिकेतून आपल्या किनाऱ्याला येणारी जहाजं एका मोसमात यायची आणि वारा फिरला की परतायची. मधले महिने परक्या बंदरातच काढावे लागत. तिथेच लग्नं होत, वखारी उभ्या राहत, मशिदी बांधल्या जात. एवढं कळलं की मुलं आपणहूनच विचारतात, "मग राजा काय करायचा?" जकात घ्यायचा, आणि ती मिळत राहावी म्हणून व्यापाऱ्याला सांभाळायचा.

२. ताम्रपट वाचून दाखवावेत. डहाणूजवळ चिंचणीला सापडलेला शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा राष्ट्रकूट ताम्रपट माझा फार लाडका आहे. त्यात लिहिलंय की राष्ट्रकूटांनी जवळच्याच संजाणचा कारभार मधुमती म्हणजे मोहम्मद नावाच्या ताजिकाकडे, एका अरबाकडे सोपवला होता. त्याने नदी उतरायला फुकट नावा ठेवल्या आणि अन्नछत्र घातलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. सम्राट इंद्र तिसरा याच्या संमतीने त्याने भगवतीच्या मठाला जमीनही दिली. त्याच्या दहाएक वर्षं आधी अरब प्रवासी अल-मसूदी कोकणातल्या चौल बंदराला येऊन गेला होता. राष्ट्रकूटांच्या राज्यात मुसलमानांना मान आणि संरक्षण आहे, असं त्याने लिहून ठेवलं. हा ताम्रपट ऐकताना त्याच भागातल्या, पालघरच्या मुलांचे डोळे मोठे होतात. मला तो दरवर्षी नव्याने भारावून टाकतो.

३. मित्र आणि शत्रू असे दोन रकाने आखू नयेत. सुमात्रातल्या श्रीविजयच्या राजाने तमिळ किनाऱ्यावरच्या नागपट्टणमला बौद्ध विहार उभारला आणि राजराज चोळाने त्याला १००६च्या सुमारास आनैमंगलम गाव दिलं. राजराजाच्याच मुलाने, राजेंद्राने, १०२५मध्ये श्रीविजयच्या बंदरांवर आरमार धाडलं. पुढे १०९०मध्ये कुलोत्तुंग चोळाने त्याच विहाराला पुन्हा सनद दिली.

४. बेलितुंगचं जहाज जरूर शिकवावं. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ बुडालेलं ते जहाज १९९८मध्ये सापडलं. त्यात सुमारे ६०,००० वस्तू होत्या, बहुतेक चीनमधल्या चांगशाची भांडी. एका वाडग्यावर ८२६ साल कोरलेलं आहे. माल तांग चीनचा, फळ्या दोरीने शिवायची बांधणी अरबी, आणि वाट श्रीविजयच्या पाण्यातून. ते कुठल्या राज्याच्या धड्यात घालायचं, हे मी वर्गालाच ठरवू देते. त्या दिवशी तास पुरत नाही.

५. आफ्रिका वर्षाच्या शेवटी उरकू नये. मालीचा मन्सा मूसा १३२४मध्ये हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटून गेला की तिथला सोन्याचा भाव उतरला. ग्रेट झिंबाब्वेच्या भिंती चुन्याशिवाय, नुसत्या दगडावर दगड रचून उभ्या आहेत आणि तिथे चिनी भांड्यांचे तुकडे निघाले आहेत. त्या पठारावरचं सोनं सोफाळा बंदरातून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या किल्वा बंदराला जाई. आफ्रिका शेवटी ढकलायची नाही, म्हणून माझ्या वर्गात किल्वा आधी येतं, चौल त्यानंतर.