पानातले जीवनसत्त्व



शरीर धडधाकट राहण्यासाठी अन्नातून सहा गोष्टी मिळाव्या लागतात : पिष्टमय पदार्थ, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, क्षार आणि पाणी. आपल्यापैकी पुष्कळांनी हा धडा मराठी शाळेत घोकलेला आहे. आता एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याचे ताट डोळ्यांपुढे आणा. पोहे व साखर हे पिष्टमय पदार्थ. ते शरीराचे सरपण. खोबऱ्यात स्निग्ध पदार्थ. बदाम-पिस्त्यांत शरीराची झीज भरून काढणारी थोडी प्रथिने. फळांत जीवनसत्त्वे, क्षार आणि पाणी. म्हणजे सहाही गोष्टी एका ताटात थोड्याफार आल्या.

पण थोड्याफार आल्या म्हणजे पुरेशा आल्या असे नव्हे. पिष्टमय पदार्थ कमी पडले तर भूक लागते आणि आपल्याला कळते. जीवनसत्त्व कमी पडले तर पोट भरलेलेच असते, म्हणून उणीव कळत नाही. अशाच एका जीवनसत्त्वाविषयी आज लिहायचे आहे, कारण ते वेळेवर मिळाले नाही तर पुढे त्याची भरपाई करता येत नाही. त्याचे नाव फॉलिक अॅसिड. त्याच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईत झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गरीब, कष्टकरी बायांना गरोदरपणी एक विचित्र पांडुरोग होई. चेहरा पांढराफटक पडे, दम लागे, आणि कित्येकजणी दगावत. त्याचे कारण शोधण्याचे काम विल्सबाईंनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये हाती घेतले. ओडेसाचे यहुदी शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांचेच नाव या संस्थेला १९२५ मध्ये देण्यात आले.

विल्सबाईंनी आधी रोगजंतू शोधले, पण ते सापडले नाहीत. मग त्यांनी बायांच्या खाण्याची चौकशी केली. ज्यांचा आहार सर्वांत निकस, त्यांनाच हा रोग अधिक होत असल्याचे दिसले. तसाच निकस आहार माकडांना दिला, तेव्हा त्यांनाही पांडुरोग झाला. आणि मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क देताच ती बरी झाली. मग तोच अर्क रोगी बायांना दिला आणि त्यांचे रक्त झपाट्याने सुधारले. १९३१ साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. अर्कातील ते द्रव्य कोणते, हे तेव्हा कळले नव्हते. १९४१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तसेच द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळे काढले. लॅटिन भाषेत पानाला ‘फोलियम’ म्हणतात, त्यावरून ‘फॉलिक’ हे नाव पडले.

हे द्रव्य शरीरात काय करते? शरीरातील पेशी फुटून एकीच्या दोन होताना त्याची गरज असते. रक्तातील तांबड्या पेशी रोज नव्याने बनतात. फॉलिक अॅसिड नसेल तर त्या संख्येने कमी आणि आकाराने बेढब मोठ्या होतात. पण पेशींची सर्वांत वेगवान वाढ चालते ती आईच्या पोटातील गर्भात. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यापासून बनतात ती नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आतच मिटते. ती नीट मिटली नाही तर मूल पाठीच्या कण्यातील व्यंग घेऊन जन्मास येते, किंवा जगतच नाही. १९९१ साली सात देशांतील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पूर्वी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक अॅसिड घेतले, तर धोका शेकडा ७२ ने कमी होतो असे त्यात आढळले.

‘आधीपासून’ हा शब्द अधोरेखित करावा. पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याचे कळते तोवर ती नळी मिटून गेलेली असते. टिपत हलावमध्ये नाव घातल्यावर गोळी सुरू करणे म्हणजे या कामापुरता उशीर झाला. म्हणून मूल होऊ शकेल अशा स्त्रीने गर्भधारणेच्या निदान एक ते तीन महिने आधीपासून, आणि नंतर पहिले तीन महिने, रोज ४०० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. जुन्या मापाने सांगायचे तर एका गुंजेचा सुमारे तीनशेवा भाग. पूर्वी असे मूल झाले असेल, मधुमेह असेल किंवा फेफऱ्याची औषधे चालू असतील, तर मात्रा जास्त लागते. ती डॉक्टरांनाच विचारावी.

गोळी घेतली तरी ताट विसरू नये. शिजलेल्या अख्ख्या मसुरांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे १८० मायक्रोग्रॅम, तर काबुली चण्यांत सुमारे १७० मायक्रोग्रॅम फोलेट असते. पालक आणि इतर पालेभाज्यांतही ते भरपूर आहे. परंतु ते पाण्यात उतरते व फार शिजवल्याने नासते. भाजी धुऊन मग चिरावी, थोड्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी फेकू नये. कलेजीतही ते असते, पण तीत अ-जीवनसत्त्व फार असल्यामुळे गरोदरपणी कलेजी टाळावी.

आता आपल्या वयाच्या मंडळींसाठी एक सूचना. रक्त कमी आहे म्हणून आपल्याच मनाने फॉलिक अॅसिड घेऊ नका. बी-१२ या दुसऱ्या जीवनसत्त्वाच्या अभावीही तसाच पांडुरोग होतो. बी-१२ मासे, मांस, अंडी व दूध यांत असते; पण उतारवयात ते अन्नातून नीट शोषले जात नाही. अशा वेळी नुसते फॉलिक अॅसिड घेतले तर रक्त सुधारलेले दिसते आणि आत मज्जातंतूंची हानी चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसरभोळेपणा हे सारे वयाच्या माथी मारू नका. कुपत होलीममध्ये जाऊन दोन्हींसाठी रक्त तपासून घ्या.

लग्न ठरलेली नात किंवा नवी सूनबाई घरात असेल, तर दागिने-कपड्यांच्या गोष्टींबरोबर ही एक गोष्टही तिच्या कानावर घाला. मराठी वाचता येत नसेल, तर तिला हिब्रूत सांगा. पण वेळेवर सांगा.