पाकळी आणि पेटल

जास्वंदीचे एक फूल हातात घ्या. देठाजवळची हिरवी, पेल्यासारखी जुळलेली निदले अलगद बाजूला करा. त्यांच्या आत पाच मोठ्या, तलम, तांबड्या पाकळ्या दिसतील. त्यांतील एक पाकळी उजेडासमोर धरली, की तिच्यात बारीक शिरांचे जाळे उमटते. पिंपळाचे पान उजेडासमोर धरल्यावर जसे जाळे दिसते, तसेच काहीसे हे असते. पाकळी आणि पान यांच्या नात्याची ही पहिली खूण.

हे नाते भाषेने शास्त्राच्या पुष्कळ आधी ओळखले होते. बेलाची तीन पाने म्हणजे त्रिदल आणि तुळशीचे पान म्हणजे तुळशीदल. पण रांगोळीतले कमळ अष्टदल असते, तेव्हा त्याच 'दल' शब्दाचा अर्थ पाकळी होतो. कमळाला संस्कृतात 'शतपत्र' असेही एक नाव आहे. त्यातील 'पत्र' म्हणजे वास्तविक पान. ग्रीक भाषेतही असेच घडले. 'पेटॅलॉन' या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ पान किंवा पातळ पत्रा असा होता. सतराव्या शतकात इटलीतील वनस्पतिशास्त्रज्ञ फाबिओ कोलोन्ना याने फुलातील रंगीत दलांना हिरव्या पानांपासून वेगळे ओळखता यावे म्हणून हा शब्द त्यांच्यासाठी वापरला. इंग्रजीतील 'पेटल' हा शब्द त्यातूनच आला.

जर्मन कवी गटे हा वनस्पतींचाही अभ्यासक होता. १७९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या निबंधात त्याने असे मांडले, की निदले, पाकळ्या, पुंकेसर हे सारे एकाच मूळ अवयवाचे, म्हणजे पानाचे, पालटलेले रूप आहे. कवीची कल्पना म्हणून अनेकांनी तिकडे दुर्लक्ष केले असते तर नवल नव्हते. परंतु दोनशे वर्षांनी, १९९१ मध्ये, फुलाचा कोणता भाग कोठे तयार व्हावा हे ठरवणाऱ्या जनुकांचे तीन गट कसे काम करतात, याची मांडणी शास्त्रज्ञांनी केली. पुढे २००१ मध्ये मोहरीच्या कुळातील अ‍ॅराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीच्या पानांचे रूपांतर पाकळ्यांसारख्या अवयवांत करून दाखवण्यात आले. गटेचे म्हणणे प्रयोगशाळेत उतरले ते असे.

मग पानाने पाकळी का व्हावे? पान झाडासाठी अन्न तयार करते. पाकळीकडे ते काम नसते. तिचे काम दिसण्याचे. अँथोसायनिन आणि कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यांमुळे ती हिरव्या गर्दीत उठून दिसते. मधमाशीला माणसाला न दिसणारे अतिनील किरण दिसतात आणि कित्येक पाकळ्यांवर त्या किरणांत उमटणाऱ्या खुणा तिला मधाकडे नेतात. परागण झाले, की पाकळीचे प्रयोजन संपते. देठाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि ती गळून पडते. (बोगनवेलीची मात्र फसगत करून घेऊ नये. तिचे जे रंगीत भाग पाकळ्या म्हणून ओळखले जातात, ती खरे तर फुलाभोवतीची पाने असतात. खरे फूल त्यांच्यामध्ये, लहान व फिकट असते.)

काही फुलांत निदले आणि पाकळ्या असा भेदच नसतो. सोनचाफ्याच्या फुलात सगळी दले सारखीच पिवळी व सुवासिक असतात. हा चाफा ज्या वंशात मोडतो, त्याच मॅग्नोलिया वंशातील एक मोठा वृक्ष अमेरिकेच्या दक्षिण भागात वाढतो. त्याची जाड, दुधाळ पांढरी दले ओंजळीएवढे फूल घडवतात. मिसिसिपी या राज्याने मॅग्नोलियाला राज्यवृक्षाचा आणि राज्यपुष्पाचाही मान दिला आहे.

योगायोग असा, की याच राज्यात 'पेटल' नावाचे एक छोटे शहर आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे ११,००० होती. या परिसरातील एका जुन्या वसाहतकाराच्या मुलीचे नाव पेटल होते व तेच गावाला पडले, असे सांगितले जाते. गावाजवळून वाहणाऱ्या नदीचे नाव 'लीफ', म्हणजे पान. नदीच्या पलीकडे हॅटिसबर्ग हे मोठे शहर आहे. पानाच्या काठी पाकळी उमलावी, अशी ही नावे. त्यांमागे कोणी ग्रीक भाषा जाणणारा असेल असे मात्र वाटत नाही.

या गावाचे नाव अमेरिकेत दूरवर गेले, ते पी. डी. ईस्ट या संपादकामुळे. १९५३ मध्ये त्याने 'द पेटल पेपर' हे साप्ताहिक सुरू केले. प्रारंभी त्यात स्थानिक बातम्या आणि दुकानांच्या जाहिराती असत. कोणाला दुखवावे असे काही नसे. मे १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि काळ्या मुलांसाठी वेगवेगळ्या सरकारी शाळा ठेवणे घटनाविरोधी ठरवले. त्याविरुद्ध दक्षिणेतील गोऱ्यांनी 'सिटिझन्स कौन्सिल' नावाच्या संघटना उभारल्या. ईस्ट स्वतः गोरा, मिसिसिपीतच वाढलेला. त्याने लेखणीला विनोदाची धार लावली. राज्याचे चिन्ह म्हणून मॅग्नोलियाऐवजी क्रॉफिश निवडावा, असे त्याने एकदा सुचवले. क्रॉफिश हा नदीनाल्यांतील, झिंग्यासारखा दिसणारा कवचधारी प्राणी; संकट दिसले, की तो उलट दिशेने, मागे मागे पळतो. १९५६ मध्ये त्याने या संघटनेची थट्टा करणारी एक पानभर जाहिरात छापली आणि तिच्यावर गाढवाचे चित्र घातले.

गावाला हे रुचले नाही. जाहिराती बंद झाल्या, वर्गण्या तुटल्या, धमक्या आल्या. हळूहळू अशी वेळ आली, की पेटलचे नाव मिरवणाऱ्या वृत्तपत्राला पेटलमध्ये जवळजवळ कोणी वर्गणीदार उरला नाही. ते चालले, ते दूरच्या राज्यांतील वाचकांच्या आधारावर. ईस्टने १९६० मध्ये आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. त्याच्या नावातही त्याने मॅग्नोलियाला जंगल जोडले. पुढे तो शेजारच्या अलाबामा राज्यात राहायला गेला आणि १९७१ च्या अखेरीस त्याचे निधन झाले. पेटलला शहराचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, १९७४ मध्ये.

मिसिसिपीच्या ध्वजावर १८९४ पासून एका कोपऱ्यात गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या दक्षिणी राज्यांच्या युद्धध्वजाचे चिन्ह होते. २०२० मध्ये विधिमंडळाने तो ध्वज रद्द केला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मतदारांनी नव्या ध्वजाला संमती दिली. त्याच्या मध्यभागी मॅग्नोलियाचे पांढरे फूल आहे.

शब्दार्थ : निदल – फुलाचे बाहेरचे, बहुधा हिरवे दल, परागण – परागकण स्त्रीकेसरापर्यंत पोहोचण्याची क्रिया, वसाहतकार – नव्या प्रदेशात जाऊन वस्ती करणारा.

विचार करा व लिहा :
१. 'दल' आणि 'पेटॅलॉन' या शब्दांच्या अर्थांत कोणते साम्य आहे?
२. मॅग्नोलियाऐवजी क्रॉफिश सुचवण्यातून ईस्टला आपल्या राज्याविषयी काय म्हणायचे होते?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या गावाच्या किंवा नदीच्या नावामागील कथा वडीलधाऱ्यांना विचारून आठ-दहा ओळींत लिहा.